टेक्सासच्या हायस्कूल फुटबॉलमध्ये सलग विजयांचा खरा विक्रम कोणाचा?

डॅलसकर: मुलगा यंदा नववीत गेल्यापासून आमची शुक्रवारची संध्याकाळ शाळेच्या स्टेडियममध्येच जाते. (अर्थात हे अमेरिकी फुटबॉल.) शेजारचे आजोबा ॲबिलीनच्या 49 सलग विजयांना तोड नाही म्हणतात, तर मुलाचे मित्र सलाइनाच्या 68 विजयांचा दाखला देतात. मोठा विक्रम कोणता मानायचा?

जुना प्रेक्षक: आकड्याने पाहिले तर सलाइनाचाच, पण शाळा पटसंख्येनुसार निरनिराळ्या गटांत खेळतात हे विसरू नये. सलाइनाने 1998 ते 2002 दरम्यान हे विजय लहान शाळांच्या गटात मिळवले. ॲबिलीन मात्र प्रशिक्षक चक मोझर यांच्या हाताखाली सर्वांत मोठ्या शाळांच्या गटात खेळत होते आणि 1954, 1955 व 1956 अशी लागोपाठ तीन वर्षे राज्यविजेते ठरले. त्यांची मालिका पराभवाने तुटलीच नाही. 1957 च्या उपांत्य सामन्यात हायलँड पार्कशी 20-20 अशी बरोबरी झाली आणि त्या वेळच्या नियमांप्रमाणे हायलँड पार्क पुढे गेले. माझा कौल ॲबिलीनला.

ह्यूस्टनवासी: दोन्ही आकडे खरे आहेत, पण ॲबिलीनचे विजय ज्या स्पर्धेतले आहेत तिच्यात तेव्हा कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांना प्रवेशच नव्हता, हे सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. ती स्पर्धा भरवणाऱ्या युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीगची, म्हणजे यूआयएलची, राज्य अजिंक्यपदे 1920 पासून मोजली जातात. पहिल्याच वर्षी ह्यूस्टन हाइट्स आणि क्लीबर्न यांच्यात 0-0 अशी बरोबरी होऊन दोघांना संयुक्त विजेतेपद मिळाले. कृष्णवर्णीय शाळांसाठी प्रेअरी व्ह्यू इंटरस्कोलॅस्टिक लीग ही वेगळी संस्था होती. त्यांचे सामने बहुधा बुधवारी-गुरुवारी होत, कारण शुक्रवारी मैदाने गोऱ्या शाळांसाठी राखलेली असत. ह्यूस्टनच्या येट्स आणि व्हीटली या शाळांचा थँक्सगिव्हिंगचा सामना पाहायला तरीही हजारोंनी लोक जमत. टेंपलच्या डनबार शाळेचे जो ग्रीन आणि लफकिनच्या डनबारचे केन ह्यूस्टन पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. 1967-68 पासून या शाळा यूआयएलमध्ये येऊ लागल्या आणि 1970 मध्ये जुनी लीग बंद झाली. एकत्रीकरणात त्यांतल्या अनेक शाळाही बंद पडल्या. म्हणून 1967 पूर्वीच्या कोणत्याही विक्रमाला 'संपूर्ण राज्याचा' म्हणणे मला पटत नाही.

जुना प्रेक्षक: हे मान्य आहे, आणि मी ते आधीच लिहायला हवे होते. हाच निकष शुगर लँडच्या केन हॉल यांच्या विक्रमालाही लावायला हवा. त्यांनी 1950 ते 1953 या चार हंगामांत चेंडू घेऊन धावत 11,232 यार्ड काढले, आणि तो राष्ट्रीय विक्रम 2012 मध्ये फ्लोरिडाच्या डेरिक हेन्रीने मोडेपर्यंत टिकला.

डॅलसकर: मनापासून आभार. आजोबा 1957 चा तो सामना स्वतः पाहिल्याचे सांगतात. या शुक्रवारी त्यांना विचारीन, की तेव्हा त्यांच्या गावातली दुसरी शाळा कोणत्या वारी खेळत असे.