एवढ्याशा बाळाचं बीपी

तुमचं बाळ ३१व्या आठवड्यात झालं, वजन हळू वाढतंय, डॉक्टर बीपी बघा म्हणाले आणि सासूबाई म्हणतात, 'एवढ्याशा जिवाला कसलं बीपी?' आमच्याकडेही हाच डायलॉग झाला होता. पण काचेच्या पेटीत राहिलेल्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं बीपी लहानपणापासूनच बघायला हवं.

मात्र पहिल्या आकड्याने घाबरू नका. आमच्या लेकाचं पहिलं रीडिंग भलतंच जास्त आलं; नंतर कळलं, बीपी मोजताना दंडाला गुंडाळतात तो पट्टा, म्हणजे कफच, छोटा होता. आतली फुगणारी पट्टी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के रुंद हवी, अरुंद असली की आकडा चढा येतो. बाळ रडत असेल तर विचारूच नका. दूध पिऊन झोपल्यावर उजव्या दंडावर दोन-तीनदा मोजायला सांगा. तरीही जास्तच आलं तर डॉक्टर जांघेतली नाडी बघतात (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी, अरुंद असली की ती क्षीण लागते), शिवाय लघवीची तपासणी आणि किडनीची सोनोग्राफी.

वजनाचा तक्ता बघताना, बाळ ४० ऐवजी ३१व्या आठवड्यात झालंय म्हणून, नऊ आठवडे वजा करून वय धरा. आणि 'बाळसं धरू दे' म्हणून वरचं काही कोंबू नका. इथे पुण्यातच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी १९९३पासून आसपासच्या खेड्यांतल्या बाळांचा अभ्यास केला. सरासरी २.७ किलोची ती बाळं दिसायला किडकिडीत, पण चरबी टिकवून असलेली निघाली. म्हणजे नुसतं वजन बघून बाळाची तब्येत ठरवता येत नाही.

पुढच्या व्हिजिटला कफच्या मापाचं नक्की विचारा.