ट्रिगरच्या पिना बाहेर येतायत: अँटी-वॉक पिना टाकून मोकळं व्हायचं की आधी कारण शोधायचं?

रामबागकर:
माझा धाकटा भाऊ टेक्सासला असतो. तिकडे रीतसर घेतलेली एआर-१५ धाटणीची सेमी-ऑटोमॅटिक रायफल आहे त्याच्याकडे, सुट्टीच्या दिवशी रेंजवर जातो. हल्ली घरी येऊन साफ करायला घेतली की ट्रिगरची पिन डाव्या बाजूने थोडी बाहेर आलेली दिसते, बोटाने दाबली की आत जाते, परत दोन-चार मॅगझिन झाल्या की बाहेर. तिथल्या दुकानदाराने सांगितलं अँटी-वॉक (म्हणजे न सरकणाऱ्या) पिना घे, लाव आणि विसरून जा. माझं मत उलटं, आणि त्यावरून फोनवर आमचं चांगलंच वाजलं.

माझं म्हणणं असं की ह्या रायफलीत हॅमरची (ट्रिगर दाबला की आपटून गोळी सोडणारा घोडा) एक आणि ट्रिगरची एक अशा दोन आडव्या पिना असतात, दोन्ही ०.१५४ इंच म्हणजे जेमतेम चार मिलिमीटर जाडीच्या, आणि त्यांना ना स्क्रू ना क्लिप. हॅमरच्या पोटात एक बारकी जे-स्प्रिंग असते ती हॅमर पिनेच्या मधल्या खाचेत अडकते. ट्रिगर पिनेला हॅमर स्प्रिंगचा एक पाय वरून दाबून धरतो, टोकाजवळच्या खाचेत बसून. इतकं साधं आणि इतकी वर्षं चाललेलं डिझाइन आहे, मग पिन बाहेर येते म्हणजे कुठेतरी काहीतरी चुकीचं बसलंय किंवा झिजलंय. ते न बघता बाहेरून पिना आवळून टाकणं म्हणजे गळक्या नळाखाली बादली ठेवणं. पटत नसेल त्यांनी बोला.

सुदामानगरचा_भिया:
भिया, नाही पटत. अँटी-वॉक पिन म्हणजे काय जादूटोणा नाहीये, दोन्ही टोकांना स्क्रू असतो किंवा बाहेरून एक पट्टी दोन्ही पिनांना जोडते, त्यामुळे पिन सरकतही नाही आणि पट्टीवाली असेल तर फिरतही नाही. फिरणं हाच खरा दुश्मन आहे. रिसीव्हर (हे सगळे पार्ट बसतात तो सांगाडा) अॅल्युमिनियमचा, पिन स्टीलची, दर फायरला पिन थोडी थोडी फिरत राहिली तर भोक मोठं होणार की नाही? मग तुमचं ते "कारण शोधा" होईपर्यंत रिसीव्हर भंगारात. खर्च करायचाच तर पिनेवर करा ना, रिसीव्हरवर कशाला.

महूचा_आर्मरर:
नोकरीत असताना हत्यारांच्या वर्कशॉपातच होतो, आता महूलाच राहतो. फौजेतली हत्यारं वेगळी, पण पिन आणि स्प्रिंग सगळीकडे पिन आणि स्प्रिंगच असते. रामबागकरांच्या बाजूने आहे मी, फक्त नुसतं "कारण शोधा" म्हणून भागत नाही, कुठे शोधायचं तेही सांगा त्या पोराला.

आधी मॅगझिन काढ, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्याने बघ आणि बोटानेही बघ, मग अप्पर म्हणजे नळीकडचा वरचा भाग वेगळा कर. लोअर म्हणजे ट्रिगरवाला खालचा भाग हातात घेऊन हॅमर मोकळा पडू द्यायचा नाही, अंगठ्याने धरून सावकाश खाली आणायचा, नाहीतर तो पुढे रिसीव्हरवर आदळतो आणि नवीनच खर्च निघतो. आता वरून बघ, हॅमर स्प्रिंगचे दोन्ही पाय ट्रिगर पिनेच्या वर टेकलेत का. एक पाय पिनेच्या खाली गेला असेल किंवा खाचेच्या बाजूला बसला असेल तर तोच आजार, दुसरीकडे बघायची गरज नाही. स्प्रिंग उलटी लावलेली पण पुष्कळदा सापडते, त्यात हॅमरचा मार पण हलका पडतो, प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाची टोपी) अर्धवट ठसा उमटतो. असं होतंय का विचारा.

हॅमरची पिन सरकत असेल तर हॅमर बाहेर काढून नुसत्या हाताने पिन त्यातून घालून बघायची. मध्यावर आली की टिक्क करून अडकल्यासारखं जाणवायला पाहिजे. सरळ आरपार गेली तर जे-स्प्रिंग गेली, हॅमरच बदला.

शेवटी व्हर्नियर लावून जाडी मोजा. कोल्टच्या काही जुन्या सिव्हिलियन रायफलींना ०.१७० इंची पिना होत्या, त्या भोकात ०.१५४ ची पिन घातली तर ती डुगडुगणारच. आणि भोक अंड्यासारखं लांबट झालं असेल तर मग भियांचं बरोबर, पण तेही मोजल्यावर. अंदाजाने नाही.

वकीलपुऱ्यातली_सून:
तुमचं सगळं टेक्सासचं चाललंय ते ठीक, पण हे वाचून इथला कोणी काकांची जुनी लायसन्सची रायफल उघडून बसेल म्हणून सांगते. आपल्याकडे आर्म्स अॅक्ट १९५९ च्या कलम ५ मध्ये बनवणं-विकणं ह्यांच्या जोडीने "दुरुस्ती" हा शब्दही आहे, त्यालाही परवाना लागतो. तेलपाणी करणं निराळं. पण ट्रिगरचे पार्ट काढून घासणं, पिना बदलणं ह्यात घरी हात घालू नका, लायसन्सवाल्या आर्मोररकडे न्या.

दहा_मीटर:
मी मुलांना एअर रायफल शिकवतो. आपल्या इंदूरच्या बाजूच्या खरगोन जिल्ह्यातला नेमबाज ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर पुढे आल्यापासून इकडच्या मुलांना रायफलचं भारी वेड. ४.५ मिमी आणि २० जूलच्या आतली एअर रायफल विनापरवाना मिळते, त्यामुळे घरी उघडायला कोणी अडवत नाही आणि तिथेच घोळ होतो. यूट्यूब बघून ट्रिगर उघडतात, पिन ढिली वाटली की पंच मारून टोक फुगवतात, एकाने तर फेविक्विक ओतलेलं होतं. मला दोन्ही पक्ष अर्धे बरोबर वाटतात पण माझा नियम वेगळा आहे, ट्रिगर युनिटला हात लावायचाच नाही, अख्खं युनिट सर्व्हिसला. स्वतः शोधण्याच्या नादात जेवढे ट्रिगर बिघडतात तेवढे पिन सरकून नाही बिघडत.

महूचा_आर्मरर:
सर, मॅच एअर रायफलचा ट्रिगर म्हणजे काही ग्रॅमांच्या दाबाचं काम, तिथे तुमचा नियम शंभर टक्के मान्य. एआरचा लोअर उघडून बघण्यासाठीच बनवलाय. दोन्हीला एक काठी नको.

पलासियाचा_पाहुणा:
सगळ्याच ढिल्या पिना म्हणजे आजार नाही हे पण लिहा कोणीतरी. रुगर कंपनीची टेन-ट्वेंटीटू रायफल, १९६४ पासून बनतेय, पॉइंट टू-टू ची. तिचं ट्रिगर हाउसिंग दोन आडव्या पिनांवर असतं आणि लाकडी स्टॉक काढला की त्या पिना आपोआप टेबलावर पडतात. माझा कॅलिफोर्नियातला आतेभाऊ घाबरला होता. त्या तशाच असतात, स्टॉक चढवला की स्टॉकच त्यांना दोन्हीकडून अडवतो. साफ करताना हरवू नयेत म्हणून लोक थोडं घट्ट ग्रीस लावतात, बस. इथे "कारण शोधा" म्हटलं तर जन्मभर शोधत बसाल.

रामबागकर:
भावाशी बोलणं झालं, फोटो मागवला. आता गंमत ऐका, ट्रिगर कंपनीचा मूळचा नाहीच! मागे कधीतरी त्याने कॅसेट ट्रिगर टाकलाय, म्हणजे हॅमर, ट्रिगर, स्प्रिंगा सगळं एका डबीत आणि ती डबी तशीच रिसीव्हरमध्ये बसवायची. हे साहेब आत्ता सांगतायत.

सुदामानगरचा_भिया:
😂😂 मग संपलंच की हो! कॅसेटमध्ये स्प्रिंगचा पाय पिनेच्या खाचेत बसतच नाही, स्प्रिंगा डबीच्या आत. मग पिनेला धरणार कोण? म्हणूनच तर बरेच कॅसेटवाले सोबत अँटी-वॉक पिना देतात. दुकानदार बरोबर होता, घ्या.

महूचा_आर्मरर:
थांबा थांबा. कॅसेटच्या तळाला पुष्कळदा बारके सेट स्क्रू असतात. ते खाली रिसीव्हरच्या तळावर टेकवले की डबी वर उचलली जाते आणि पिना भोकात दाबून बसतात. तीच त्यांची पकड. स्क्रू ढिले झाले की पिना सरकायला लागणार, आणि नुसत्या पिनाच नाही, अख्खी डबी हलणार. वरून अँटी-वॉक लावल्या तर पिना दिसायला जागेवर राहतील आणि आत डबी डुगडुगत राहील. ट्रिगरचा खेच दर वेळी वेगळा लागतोय का विचारा त्याला. आणि हे निस्तरेपर्यंत एक गोळी झाडायची नाही. डबी हलत असेल तर डिस्कनेक्टर (एका दाबात एकच गोळी सुटावी म्हणून हॅमर अडवणारा भाग) नीट धरेलच असं नाही, रायफल एका दाबात दोनदा सुटू शकते.

रामबागकर:
खेच वेगळा लागतो म्हणाला, पण त्याला वाटत होतं थंडीमुळे. टेक्सासात थंडी!

सुदामानगरचा_भिया:
बरं, स्क्रू आवळा, मान्य. लॉकिंगचे दुसरे स्क्रू असतील तर तेही, नसतील तर निळं लॉकटाइट (स्क्रू धरून ठेवणारा गोंद), लाल नको नाहीतर परत निघणार नाहीत. पण स्क्रू एकदा ढिले झाले ते परत होणार, म्हणून पिना पण मागवू दे त्याला. दोन्ही कर ना बाबा, कोण अडवतंय.

महूचा_आर्मरर:
मागवू दे. फक्त आधी स्क्रू, मग पिनेच्या डोक्यावर आणि रिसीव्हरवर मिळून पेंट मार्करची एक रेघ, मग रेंज. रेघ तुटली नाही तर पिनांचं पाकीट परत कर म्हणावं.

सुदामानगरचा_भिया:
आणि तुटली तर तुम्ही मला छप्पन दुकानला खोपरापॅटिस.

महूचा_आर्मरर:
तुटणार नाही. पण पॅटिस चालेल.