सेनिओचा बांध पायी चढून बघा

दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा पलटणीच्या मागावर गाइड घेऊन तिकडे जायचं आणि कॅसिनोची (माँटे कॅसिनो) रणभूमी बघून परतायचं, हा बेत मला अपुरा वाटतो. तसंच उत्तरेला सेनिओ नदीवर जाच. ९ एप्रिल १९४५ ला इथेच आपल्या नाशिकशेजारच्या नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव लढले. दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून त्यांनी पलीकडे नेलं. मग एकट्याने जर्मन मशिनगनची तीन ठाणी गप्प केली. हाताला गोळी लागून बंदूक चालेना, तर ग्रेनेड फेकले! शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना केली आणि कंपनीला पुढे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. तो बांध स्वतः चढल्याशिवाय हे कळायचं नाही.

मी नाशिकरोडचा, तोफखाना केंद्राजवळ वाढलेला. नकाशे बघायची सवय तिथलीच. जमल्यास एप्रिलमध्येच जा. वाटेत माँटोने गावात, मराठा पलटणीचेच व्हिक्टोरिया क्रॉस विजेते नाईक यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ उभारलेलं सूर्यघड्याळ आहे, आणि फोर्ली शहरातल्या युद्ध-स्मशानभूमीत दहन झालेल्या आपल्या जवानांची नावं कोरलेली आहेत. गाइडला आधीच सांगून ठेवा, तिथे घाई नको. नावं मोठ्याने वाचा.