फलाटावरच्या पडद्यासाठी ६० सेकंदांची मूक फिल्म : काय काय सांभाळायचं?

सुईदोरा

टोरोंटोत २००७ साली भुयारी रेल्वेच्या फलाटांवरच्या पडद्यांवर एका मिनिटाच्या मूक फिल्म्सचा महोत्सव सुरू झाला, टोरोंटो अर्बन फिल्म फेस्टिव्हल. बर्लिनचा 'गोइंग अंडरग्राउंड' त्याच जातकुळीचा, तिथे मर्यादा ९० सेकंदांची. ६० ची केली की दोन्हीकडच्या साच्यात बसते, म्हणून ६० धरून चाललोय.

गोष्ट छोटी आहे. म्हाताऱ्या शिंप्याला सुईत दोरा ओवता येत नाही. शाळेतून आलेली नात ओवून देते आणि तो त्याच दोऱ्याने तिच्या दप्तराचा उसवलेला पट्टा शिवतो. फोनवर सेकंदाला २५ फ्रेमने (फ्रेम म्हणजे एकेक स्थिर चित्र), ट्यूबलाइटखाली शूट केलंय. एडिट करून जोडलेला कट ७८ सेकंदांचा झालाय. त्यात सुरुवातीला काळोखातून ४ सेकंदांचा फेड (चित्र हळूहळू उजळत येणं), नाव ५ सेकंद, संवादाच्या दोन पाट्या ३-३ सेकंद, शेवटी श्रेयनामावली ८ सेकंद.

१८ सेकंद कुठून काढू? पाट्या मराठीत ठेवू की इंग्रजीत? फाइल कशी द्यायची? आणि लॅपटॉपवर छान दिसणारी फिल्म फलाटावर का पडते?

फ्रेमवाला

आधी वेळेचा हिशेब. ६० सेकंद म्हणजे 'साधारण मिनिटभर' नव्हे. बातम्या, हवामान, जाहिराती यांच्यामध्ये तुम्हाला एक खण मिळतो आणि ती यादी यंत्र चालवतं. फाइल ६०.०६ सेकंदांची असली तर शेपूट कापलं जातं, नाहीतर अपलोडच नाकारला जातो. हे ०.०६ येतात कुठून? आपण सेकंदाला २४ समजून १४४० फ्रेम ठेवतो आणि एडिटिंगची टाइमलाइन असते २३.९७६ ची. त्या दराला ६० सेकंदांत १४३८ च बसतात. २९.९७ असेल तर १८०० नाही, १७९८. नेमक्या २५ ला १५०० आणि नेमक्या ३० ला १८००.

फोनचा घोळ वेगळा. उजेड कमी पडला की बरेच फोन गुपचूप फ्रेमचा दर खाली आणतात. एडिटिंगला बसण्याआधी सगळ्या क्लिप एकसमान दरात बदलून घ्या, नाहीतर एक्सपोर्टनंतर लांबी भलतीच निघते. एचडीआर (फोनची जास्त उजेड-सावली टिपणारी पद्धत) चालू राहिलं असेल तर रेक. ७०९ मध्ये, म्हणजे साध्या एचडी पडद्याच्या रंगमानकात, नीट उतरवा. नुसतं एक्सपोर्ट केलं तर चेहरे राखेसारखे दिसतात.

२५ की ३० याबद्दल: पडदा ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करत, चालत असेल (टोरोंटोसाठी तेच धरा) तर ३० फ्रेम सरळ बसतात, प्रत्येक फ्रेम दोनदा. २५ ला काही फ्रेम दोनदा, काही तीनदा दिसतात आणि पॅन केलेला (कॅमेरा आडवा फिरवत घेतलेला) शॉट अडखळतो. तुमचा कॅमेरा स्थिर असेल तर २५ तशीच राहू द्या. सॉफ्टवेअरने फ्रेम मिसळून ३० करू नका, सुईपाशी हाताची भुतं दिसतील. पुन्हा शूट केलंत तर ३० फ्रेम, पण शटर (एका फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. ३० फ्रेमला सवयीने १/६० लावलं की चित्रावरून पट्टे सरकताना दिसतात.

फाइल: १९२० बाय १०८०, प्रोग्रेसिव्ह (प्रत्येक फ्रेम अखंड), एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), सेकंदाला १५ ते २० मेगाबिट. ऑडिओ म्यूट करून भागत नाही, ट्रॅकच काढून टाका. मात्र नियमावलीत 'मूक ऑडिओ ट्रॅक हवा' असं असेल तर तो द्या, काही प्लेयर ट्रॅकशिवायची फाइल घेत नाहीत.

नेपथ्यातून

एक दुरुस्ती. बर्लिनची फिल्म फलाटावर नाही, डब्यातल्या पडद्यांवर दिसते. हा फरक मोठा आहे. डब्यात माणूस दोन-तीन मीटरवर बसलेला असतो आणि चार स्टेशनं तिथेच असतो. फलाटावर तो सहा-आठ मीटरवर उभा, अर्धं लक्ष बोगद्याकडे, आणि गाडी आली की गेला. फलाटासाठी बनवलेली फिल्म डब्यात चालते, उलटं सहसा होत नाही.

आता तुमची सुई. पडदा ४६ इंची धरा, म्हणजे उंची साधारण ५७ सेंटिमीटर. आठ मीटरवरून पांढरा दोरा आणि सुईचं नेढं दिसण्याची आशा सोडा. दोरा पडद्यावर दोन-तीन पिक्सेलचा उरतो आणि फाइल लहान करणारं कॉम्प्रेशन तो खाऊन टाकतं. मग प्रेक्षकाला दिसतं काय, तर एक म्हातारा उगाच बोटं हलवतोय. शिंप्याच्या हातात गोधडीची मोठी सुई द्या, दोऱ्याऐवजी लाल लोकर, मागे काळं किंवा गडद निळं कापड. लोकरीचं टोक फुटलेलं असू द्या. ते नेढ्यावर आपटतं, दुमडतं, शिंपी ओठांत धरून ओलं करतो, पुन्हा दुमडतं. नेढं पडद्याच्या उंचीच्या निदान पाचव्या भागाएवढं असलं पाहिजे, म्हणजे फोनला क्लोजअप लेन्स लावावी लागेल. फोकस हाताने लॉक करा, नाहीतर बोट हललं की तो मागच्या कापडावर जाऊन बसतो.

लॅपटॉपवर छान दिसून फलाटावर पडण्याचं मुख्य कारण उजेड. फलाटावरचे दिवे पडद्यावर सांडतात आणि सावल्यांतला सगळा तपशील एकसारखा करडा होतो. काळोखी कोपऱ्यात काही महत्त्वाचं ठेवू नका, चेहऱ्याचा मधला टोन थोडा वर घ्या. पडद्यावर खाली बातम्यांची पट्टी किंवा बाजूला गाडीची वेळ असू शकते, म्हणून आयोजकांकडून पडद्याचा आराखडा मागून घ्या. तो मिळेपर्यंत खालचा १५ टक्के भाग मोकळा ठेवा.

घरच्या घरी चाचणी: फोन आडवा, ब्राइटनेस अर्ध्यावर, भर दुपारी खिडकीशी ठेवा आणि चार फुटांवरून बघा. १५ सेंटिमीटर रुंदीचा फोन चार फुटांवर जेवढा दिसतो, तेवढाच ४६ इंची पडदा आठ मीटरवर दिसतो. गोष्ट माहीत नसलेल्या कुणाला तरी मधूनच, विसाव्या सेकंदापासून दाखवा. 'काय चाललंय' हे त्याला पाच सेकंदांत सांगता आलं नाही तर शॉटचा क्रम बदला. फाटका पट्टा पहिल्या दहा सेकंदांत एकदा दिसलाच पाहिजे, नाहीतर शेवट अधांतरी लटकतो.

अक्षरवेल्हाळ

पाट्या काढा. मराठीही नको, इंग्रजीही नको.

ठेवायच्याच असतील तर हिशेब बघा. लांबून वाचायला अक्षराची उंची अंतराच्या दोनशेवा भाग तरी हवी. आठ मीटरला चार सेंटिमीटर, म्हणजे ५७ सेंटिमीटरच्या पडद्यावर सुमारे ७६ पिक्सेल. देवनागरीत हे माप शिरोरेषेपासून खाली अक्षराच्या अंगाचं धरायचं. वरची वेलांटी, खालचा उकार यांची जागा वेगळी. त्यामुळे फॉन्टचा आकडा ११०-१२० वर जातो आणि एका ओळीत चार-पाच शब्दांच्या वर मावत नाहीत. बारीक रेघांचा फॉन्ट तर नकोच, जोडाक्षरांची पोटं भरून जातात. वाचायला तीन सेकंद हे एकटक बघणाऱ्याचे. फलाटावर पाच धरा. दोन पाट्यांचे दहा सेकंद कुठून आणणार?

मिणमिणता दिवा

पाट्यांबद्दल थोडा असहमत. बाहेरच्या प्रेक्षकाला आपली लिपी चित्र म्हणून आवडू शकते. पण वेगळी पाटी न करता दुकानाच्या दारावर '…टेलर्स' असा रंगवलेला बोर्ड दाखवा. वाचता आला तर उत्तम, नाही आला तरी काही बिघडत नाही.

अवांतर: मूकपट म्हणजे थेटरात शांतता असा समज आहे, पण तिथे पेटी-तबला वाजत असे. फलाटावरच्या फिल्मला तेवढीही साथ नाही, वर घोषणा चालू. म्हणून आवाजाचं काम चित्रानेच केलं पाहिजे. नात आल्याचं दाराच्या आवाजावरून कळत असेल तर ते आता कळणार नाही. दार उघडल्यावर टेबलावरचा कागदी नमुना उडू द्या, शिंपी मान वर करेल.

अति-अवांतर: फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या अंकुराची मिनिटभराची फिल्म करून ती दाखवत भांडवल उभं केलं. 'महिनाभर रोज एक फ्रेम' असं त्याबद्दल जिथेतिथे लिहिलेलं असतं. सेकंदाला १६ फ्रेम धरल्या तरी मिनिटाला ९६० लागतात, रोज एकीने महिन्यात तीसच होतील. म्हणजे रोज बऱ्याच फ्रेम घेतल्या असणार.

सुईदोरा

सर्वांचे आभार. नेढ्याचा शॉट पुन्हा घेतो, लोकर डोक्यातच आली नव्हती. पण १८ सेकंदांचं काय? दोऱ्याचे प्रयत्न चार आहेत, त्यातले दोन कापू का?

नेपथ्यातून

त्यांना हात लावू नका, तेच फिल्मचं पोट आहे. तुमचे १८ गोष्टीच्या बाहेरच पडलेत. फेड काढला, ४. नाव ५ चं २ केलं, ३. श्रेयनामावली ८ ची ३, म्हणजे ५. पाट्या गेल्या, ६. झाले १८. श्रेय तीन सेकंदांत दोनच ओळी मावतील, बाकीची नावं अर्जात लिहा. आणि फेड न करता सरळ नेढ्यावर उघडा. काळ्या पडद्यावरून सुरुवात झाली तर लोकांना पडदा बंद पडलाय असं वाटतं आणि माना वळतात.

सुईदोरा

शेवटचं एक. फेडऐवजी ट्यूब लुकलुकून पेटते असा शॉट सुरुवातीला घेतला तर? नेढं त्या उजेडातच दिसेल.

फ्रेमवाला

जपून. पडदाभर झपकारे सेकंदाला तीनपेक्षा जास्त झाले तर अपस्माराच्या रुग्णांना झटका येऊ शकतो, आणि सार्वजनिक पडद्यांवर तपासणीत हेच आधी पकडतात. खरी ट्यूब पेटताना याहून वेगाने लुकलुकू शकते, म्हणून ती चित्रित करू नका. ट्यूब चालूच ठेवा, स्थिर उजेडात शॉट घ्या आणि एडिटिंगमध्ये उजेड दोनदाच खाली आणा, मध्ये अर्ध्या-पाऊण सेकंदाचं अंतर ठेवून. पूर्ण काळोख करू नका, मधल्या अंधारातही लाल लोकर ओळखू आली पाहिजे.