रेझिस्टन्स सोल्डरिंग: कार्बन लाल होतो, पितळ तापेना

बार्शीलाइट_७६२
मंडळी, बार्शी लाइटच्या, म्हणजे जुन्या नॅरोगेज रेल्वेच्या, इंजिनाचं मॉडेल बनवायलोय. बॉयलर 0.8 मिमी पितळी पत्र्याचा. 60 वॅटचं आयर्न टेकवलं की उष्णता सगळा पत्रा ओढून घेतो, आणि जोड तापेपर्यंत शेजारचा तुकडा सुटतो. म्हणून रेझिस्टन्स सोल्डरिंग करायचं ठरवलं: जोडातूनच मोठा करंट सोडून उष्णता तिथंच तयार करायची. त्यासाठी मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी (बाहेर व्होल्टेज देणारं वेटोळं) काढून जाड वायरचे 4 वेढे घातले. टोकाला जुन्या टॉर्चसेलमधली कार्बनची कांडी. लोड नसताना 3.8 व्होल्ट. वायर 2.5 स्क्वेअर एमएम, जाताना 2 मीटर, येताना 2 मीटर. कांडी होल्डरपर्यंत लाल होते, वायर गरम, आणि पितळावर नुसते काळे डाग. अजून वेढे वाढवू का?

वाइंडिंगचा_कट्टा
वेढे वाढवू नका मालक. टेकवलेलं असताना दोन ठिकाणी व्होल्टेज मोजा: ट्रान्सफॉर्मरच्या तोंडाशी, आणि कार्बन ते पितळ.

बार्शीलाइट_७६२
तोंडाशी 3.7, कार्बनपाशी 2.1.

वाइंडिंगचा_कट्टा
म्हणजे 1.6 व्होल्ट वायरीनं खाल्ले. 2.5 स्क्वेअरचा रेझिस्टन्स मीटरला साधारण 7.4 मिलिओहम, 4 मीटरचे 30. करंट झाला 50 अँपियरच्या वर, आणि 80-85 वॅट नुसती वायर तापवायला. वेढे वाढवले तर वायरच आणखी तापेल. 16 स्क्वेअरची वेल्डिंग केबल घ्या, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात सुटी मिळायला हरकत नाही. तेवढ्याच लांबीत, तेवढ्याच करंटला पाव व्होल्ट पडेल. टोकांना लग्स (तांब्याची जोड-टोकं) नीट क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा. पिळून बोल्टखाली दाबलेली तार तिथंच तापते.

आतले वेढेही 16 चेच हवेत. कोरच्या खिडकीत लेदराइड (जाड इन्सुलेशनचा) कागद घाला, कोरच्या कडेनं इन्सुलेशन कापतं. दोन वेटोळ्यांच्या मधल्या लोखंडी पत्र्यांच्या शंट पट्ट्या जागा असेल तर राहू द्या, कार्बन चिकटला तरी करंट आवरतात.

काडतूस_कार्बन
कांडीचंही बघा. होल्डरबाहेर किती ठेवलीय? 15-20 मिमीपेक्षा जास्त नको, नाहीतर उष्णता जोडाऐवजी कांडीतच तयार होते. सेलच्या कांडीत मेण असतं, पहिल्यांदा धूर येतो, तो बाहेर जाळून घ्या. त्यापेक्षा गाउजिंगची (आर्कनं धातू खरवडायची) तांबं चढवलेली 6 मिमीच्या आसपासची कांडी बरी. टोकाकडचं 15 मिमी तांबं खरवडून टोक पेन्सिलीसारखं 2 मिमीवर आणा; होल्डरमधलं तांबं मात्र ठेवा, तिथं पकड चांगली बसते.

काळे डाग ठिणगीचे. आधी टेकवा, दाबा, मग फूटस्विच. सोल्डर वाहिलं की पाय उचला, पण सोल्डर घट्ट होईपर्यंत कांडी उचलू नका. करंट परत नेणारा क्लिप बसतो ती जागाही पॉलिश पेपरनं चमकवा, नाहीतर तिथंही डाग पडतो. दोन्ही पत्र्यांना आधी पातळ सोल्डर चढवून, फ्लक्स लावून ठेवलं तर जोडाला काही सेकंद पुरतात.

बार्शीलाइट_७६२
फूटस्विच नाही अजून. शिलाई मशीनचं पेडल पडलंय, चालेल का? आणि करंट कमी करायला फॅनचा डिमर?

वाइंडिंगचा_कट्टा
दोन्ही नको. गावात शिलाई मशिनी ढिगानं, म्हणून हे पेडल सगळ्यांना आधी आठवतं. पण ते छोट्या मोटरचा वेग बदलायला केलेलं. साधा चालू-बंद फूटस्विच, 15 अँपियरचा, प्रायमरीच्या, म्हणजे मेन्सकडच्या वेटोळ्याच्या, फेजवर. हे ट्रान्सफॉर्मर कोर सॅच्युरेशनच्या (कोरला आणखी चुंबकत्व पेलवेना, त्या मर्यादेच्या) काठावर चालवतात, त्यामुळे लोड नसतानाही तापतात. सतत चालू ठेवायचे नाहीत.

डिमरचा ट्रायॅक (आतला इलेक्ट्रॉनिक स्विच) असल्या लोडवर एखादी अर्धी लाट चुकवतो, कोरमध्ये डीसी घुसतो आणि फ्यूज उडतो. व्हेरिअॅक (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) असेल तर उत्तम. नसेल तर तिसऱ्या वेढ्यावर टॅप, म्हणजे मधलं टोक, काढा: बारीक कामाला 3, बॉयलरला 4.

कोर आणि डबा अर्थ करा. आणि हे वाचून कुणी नवीन सुरू करणार असेल तर: जुनी सेकंडरी जागेवर असताना प्लग लावायचा नाही, तिथं 2000 व्होल्टच्या वर असतं. ओव्हन स्वतः उघडू नका, कपॅसिटर प्लग काढल्यावरही धरून ठेवतो. दुरुस्तीवाल्याकडून सुटा ट्रान्सफॉर्मर घ्या.