बुद्धिबळ सुधारायला तुम्ही काय केलंत? अनुभव लिहा

अडीचघर:
जुलै २०२५ मध्ये बाटुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने टायब्रेकमध्ये कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक घेतला. ते डाव काल परत बघत होतो आणि आमच्या वाड्यातले आप्पा आठवले. स्वतः देशी बुद्धिबळ खेळलेले, प्यादं पहिल्यांदाही एकच घर. मला मात्र नव्या नियमांनी शिकवलं. शाळेतून आलो की एक डाव, आणि रात्री तोच वहीतून परत मांडायचा. 'बिघडलं कुठे ते दाखव.' वजीर गेला तिथे नाही, त्याच्या आधी चार खेळ्या बोट ठेवलं तर खारे दाणे मिळायचे. तुमचं सांगा.

चिंगी:
वही!! सांगलीला नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांना जायचो तेव्हाची माझी अजून माळ्यावर आहे. थांबा, कुकर लावलाय.

काळा_उंट:
ओपनिंगचे व्हिडिओ पाहून काही होत नाही, स्पष्ट सांगतो. क्लबातल्या काकांनी माझ्याकडून हत्ती-प्याद्याचे शेवट घोटून घेतले. लुसेना नावाची स्थिती घ्या. आपलं प्यादं सातव्या ओळीत, राजा त्याच्यापुढे आठव्यात कोंडलेला, समोरचा राजा हत्तीने पलीकडे अडवलेला. हत्ती चौथ्या ओळीत आणायचा, राजा बाहेर काढायचा, शह यायला लागले की शेवटी हत्ती आडवा घालायचा. झोपेतून उठवून विचारा, जमतं. रेटिंग तिथून हललं.

बटाटेवडा:
खारे दाणे भरूचचे असतील तर मीपण शिकतो 😀

नाशिकची_आई:
लेक मोबाइलवर कोडी धडाधड टिचक्या मारून सोडवायची. चुकलं की दुसरी खेळी, तीही चुकली की तिसरी. आता कोडं लाकडी पटावर मांडायचं, हात मांडीखाली, आणि पूर्ण उत्तर तोंडी सांगितल्यावरच सोंगटी उचलायची. पहिला आठवडा नुसती रडारड. रोज थोडीच होतात, पण डावात घोड्याचा दुहेरी मारा तिला आता आधी दिसतो.

चिंगी:
झाला कुकर. तर १९८१ मध्ये रोहिणी खाडिलकर आशियाई विजेत्या झाल्या आणि बाबांनी मला पट आणला. भावाला नाही, मला! भाऊ अजून तो विषय काढतो.

अडीचघर:
@बटाटेवडा कोपऱ्यावरच्या भट्टीचे, गरम.

बटाटेवडा:
मग राहू दे, वजीर घ्या माझा.

काळा_उंट:
@नाशिकची_आई क्लास कुठला? फी किती?

नाशिकची_आई:
क्लास नाही हो, सासरे शिकवतात. फी दोन कप चहा, बिनसाखरेचा. त्यातही हरले की साखर मागतात.