दचका पान उलटल्यावरच बसायला हवा

जुन्जी इतोची जपानी भयचित्रकथा ‘उझुमाकी’ मोबाइलवर वाचली तर सपाट वाटली आणि ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीने मात्र झोप उडवली, असं एका वाचकाने लिहिलं आहे. हा अनुभव समजण्यासारखा आहे. माझ्या मते यात दोष पडद्याचा आहे. जुन्जी इतो भयंकर चित्र बहुधा पान उलटल्यावर समोर येईल असं ठेवतो. आधीच्या पानावर फक्त पात्राचा हादरलेला चेहरा असतो. मोबाइलवर एकेकच पान दिसतं, त्यामुळे प्रत्येक पान उलटावं लागतं आणि नेमकं ते उलटणं वेगळं राहत नाही. जोडपानी चित्र तर मधोमध चिरलं जातं.

टॅब्लेट आडवा धरा, दोन पानांचं दृश्य निवडा, वाचनाची दिशा जपानी पद्धतीने उजवीकडून डावीकडे ठेवा आणि मुखपृष्ठ एकटं राहील असं बघा. ते जोडीत गेलं की पुढच्या सगळ्या जोड्या एका पानाने सरकतात आणि दचकवणारं चित्र आधीच डोळ्यांत भरतं.

‘ड्रॅक्युला’ला (१८९७) ही अडचण येत नाही. रोजनिशी, पत्रं, तारा, कात्रणं यांतून गोष्ट उलगडते आणि पहिल्या चार प्रकरणांनंतर काउंट ड्रॅक्युला फार कमी वेळा समोर येतो. जहाजाच्या नोंदवहीचा भाग तर अप्रतिम! खलाशी एकेक करून नाहीसे होतात, नोंदवहीत मात्र एका उंच, सडपातळ अनोळखी माणसाच्या ओझरत्या उल्लेखांपलीकडे कारण स्पष्ट होत नाही.